माहेरी जाणारी होडी

ती गाडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील, आणि त्या वेळी मी खरं तर रबाळ्याच्या कारखान्यात ड्रॉइंग बोर्डासमोर असायला हवं होतं. वाशीला एका मैदानात गाड्यांचं प्रदर्शन लागलं होतं. साहेबांना काहीतरी थाप मारून मी तिथे गेलो होतो. मोटारी बघायची हौस मला कधीच नव्हती, नुसती भटकायची होती. आणि अगदी कोपऱ्यात, हिरव्या जाजमावर, ते फिरतं घर उभं होतं. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचं. चारी कोपरे गोल, वरचा अर्धा भाग सायीच्या रंगाचा, खालचा फिकट हिरवा, मधून एक चंदेरी पट्टी. घाट जुन्या विलायती जमान्यातला, पण वस्तू नवीकोरी. पैसेवाल्यांसाठी मागणीप्रमाणे बनवून देतात, असं तिथल्या टायवाल्या माणसाने सांगितलं आणि दार उघडलं. आत लाकडी कपाटं होती, चौकडीचे पडदे होते, आणि मागच्या खिडकीला लागून चांगला ऐसपैस पलंग होता.

मी त्या पलंगाकडेच बघत राहिलो. इथे उशी, इथे पाण्याचा तांब्या, आणि खिडकीतून बाहेर बघणारी ही.

"फॅमिली किती मोठी, सर?" त्याने विचारलं.

"बायको. ती झोपून असते," मी म्हणालो. त्याने माझ्या हातात रंगीत पत्रक दिलं. पत्रकाच्या मागे किंमत होती. नेरूळचा आमचा फ्लॅट विकला असता तरी ती गाडी आली नसती, आणि आली असती तर मग राहायला तीच उरली असती. मी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली.

हिच्या कमरेच्या मणक्यातली गादी सरकल्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. दहा मिनिटं उभं राहता यायचं, बसणं त्याहून कठीण, आणि वाकणं तर डॉक्टरांनी बंदच करून टाकलं होतं. ऑपरेशनची खात्री कुणी देत नव्हतं. आमचा फ्लॅट तळमजल्यावर, एवढंच काय ते नशीब. ती फळीवर सतरंजी टाकून पडलेली असायची आणि छताकडे बघत असायची. छताला ओल येऊन एक मोठा डाग पडला होता. त्या डागात तिने सगळा गोवा हायवे शोधून काढला होता. "हे बघा, पेण. इथे वडखळ, मीठागरं. मग नागोठणं, कोलाड, आणि हा पोपडा सुटलाय ना, तिथून डावीकडे वळलं की आमची वाडी." संध्याकाळी मी चहा घेऊन बसलो की ती मला रोज तिथवर घेऊन जायची. सोसायटीत रंगकाम निघालं तेव्हा मी सेक्रेटरीशी भांडून आमचं छत तसंच ठेवलं. लोक मला विक्षिप्त समजले. समजू देत.

माणगावच्या पुढे आत तिचं माहेर. तिथे तिचे बाबा एकटेच राहायचे, निवृत्त हेडमास्तर. तिची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि बाबांनी तिचं सगळं एकट्याने केलं होतं. ती गेली तेव्हा आम्ही निघून पोचेपर्यंत त्यांनी हिची वाट न बघता अंत्यसंस्कार उरकले होते. बाराव्याला ही चारचौघांत म्हणाली, "पुन्हा या घराचा उंबरा चढणार नाही." ते बोलणं रागातलं होतं, चार दिवसांत विरलंही असतं. पण तीन महिन्यांतच ही आडवी झाली. बाबांना कळवायचं नाही, अशी हिने मला शपथ घातली. "आईला दोन वर्षं तसं बघितलंय त्यांनी. आता मुलगीही तशीच, हे त्यांना मी बघू देणार नाही." मग पत्रांत कधी पाहुणे, कधी मला सुट्टी नाही, कधी पाऊस. बाबांची कार्डं यायची, वळणदार अक्षरात. शेवटच्या कार्डावर दोनच ओळी होत्या: "तुझा राग मला मान्य आहे. तो माझ्यापेक्षा जास्त जगू नये एवढीच इच्छा."

ते कार्ड तिने उशीखाली ठेवलं आणि दोन दिवस छतावरच्या हायवेवर आम्ही गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, मला न्या."

नेणार कसं? झोपवून न्यायचं तर अ‍ॅम्ब्युलन्स, हा साधा हिशेब. मी तसं बोलून गेलो आणि तिने मान फिरवली. "आमच्या दारात अ‍ॅम्ब्युलन्स एकदाच आलेली आहे, आईच्या वेळी. दुसरी बघून बाबा ओटीवरच बसतील खाली." भाजी मार्केटमधला टेम्पो भाड्याने घेऊन त्यात गादी टाकता आली असती. पण लेक माहेरी यायची ती कांद्याच्या गोणीसारखी? तेही तिला नको होतं. तिला हवं होतं ते त्या पत्रकात होतं. ते मी तिच्या हातात दिलं तेव्हा तिने ते उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाली, "यातून गेले तर कुणाला काही कळणार नाही. म्हणतील, काय बाई हौस!" आजारपण झाकायला हौशीइतकं जाड पांघरूण नाही, हे तिने बरोबर ओळखलं होतं. गाडी स्वस्तातली चालणार होती, पण ती हौशीची दिसायला हवी होती. केविलवाणी दिसून चालणार नव्हतं.

मग मी फिरायला लागलो. दिघ्याच्या एका वेल्डिंगवाल्याकडे जीपला लावायची जुनी ट्रॉली मिळाली. चाकं धड होती, सांगाडा दणकट होता. वर घर कुणी बांधायचं? पत्रा गोल वळवायचा तर कारागीर तोंडाला येईल तो भाव सांगत होते, आणि चौकोनी केलं तर पाण्याचा टँकर दिसला असता. एका रविवारी मी सारसोळ्याच्या खाडीकडे असाच उगाच गेलो होतो. तिथे एक म्हातारा होडी बांधत होता. फळ्या ओल्या करून, शेकून, तो त्यांना हळूहळू वळवत होता, आणि फळ्या मुकाट्याने वळत होत्या. मी तिथेच उकिडवा बसलो आणि खिशातलं पत्रक काढून त्याला दाखवलं.

त्याने ते उलटं धरलं. "होरीच हाय ही, सायब. पालथी घातलेली."

"बांधाल?"

"बांधू की. पन पान्यात नाय घालायची?"

"नाही. हायवेवर."

तो इतका हसला की त्याला खोकला आला. मग मी त्याला सगळं सांगितलं. पाठ, फळी, बाबा, कार्ड. का सांगितलं कुणास ठाऊक. घरी कुणाला जे सांगत नव्हतो ते त्या अनोळखी माणसाला भडाभडा सांगून टाकलं. त्याने हातातली विडी विझवली. "माज्या पोरीला पन माहेर हाय," एवढंच म्हणाला. मजुरी त्याने होडीच्या दुरुस्तीची लावली, होडी बांधायची नाही.

दोन महिने मी रोज संध्याकाळी सारसोळ्याला जायचो. आयुष्यातले ते माझे सर्वांत सुखाचे दोन महिने, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. खाडीवरून खारट वारा यायचा, राळेचा वास यायचा, आणि ट्रॉलीवर आमचं घर हळूहळू फुगत जायचं. घरी आल्यावर ही माझ्या शर्टाचा वास घ्यायची आणि कुठवर आलं ते ओळखायची. "आज रंग लावला." रंग मीच लावला होता. सायीचा जमला, हिरवा मात्र होडीचाच आला, भडक. चंदेरी पट्टी स्वयंपाकाच्या फॉइलची केली होती, ती आठवड्यात सुटली, मग तिथे पांढरा पट्टा ओढला. प्रदर्शनातल्या त्या गाडीची ती गरीब मावसबहीण दिसत होती, पण हसरी होती.

म्हाताऱ्याने एक घोळ केलाच. होडीचं नाक वर उचललेलं असावं म्हणून त्याने सगळं वजन मागे ठेवलं, पाण्याची टाकीसुद्धा. कारखान्यातल्या माझ्या एका मित्राकडे जुनी जीप होती. तिला जोडून आम्ही ठाणे-बेलापूर रस्त्यावर चाचणी घेतली. पलंगावर मी झोपलो होतो. वेग जरा वाढला आणि ते घर असं डुलायला लागलं की मी रामरक्षा सुरू केली. मित्र साताऱ्याकडचा, शांत डोक्याचा. गाडी थांबवून म्हणाला, "शेपूट जड झालंय हिचं. टाकी म्होरं घ्या." टाकी पुढे आली, डुलणं थांबलं. असं माणूस आत झोपवून नेणं नियमात बसतं की नाही, ते मी कुणाला विचारलं नाही. मला उत्तर नको होतं.

डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही निघालो. आतून दोरी ओढली की जीपमध्ये देवघरातली घंटा वाजायची, अशी सोय केली होती. एकदा ओढली तर थांबा, दोनदा ओढली तर सगळं ठीक. पनवेल सोडलं, कर्नाळ्याचा घाट चढला, आणि घंटा दोनदा वाजली. पेणला दोनदा. वडखळला मीठागरांवर ऊन पडलं होतं, तेव्हा इतक्यांदा वाजली की मित्राने वैतागून मागे बघितलं. कोलाडला थांबलो. मी आत डोकावलो तर ती खिडकीला गाल लावून पडली होती.

"सगळं उलटं दिसतं," ती म्हणाली. "झाडांचे नुसते शेंडे येतात, तारा येतात, बगळे येतात. रस्ता दिसतच नाही. असं वाटतं आपण जातच नाही, माहेरच इकडे येतंय." तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. मला तिथल्या तिथे मरून जावं इतकं बरं वाटलं. तिथेच तिने दुखण्याची गोळी घेतली आणि आम्ही पुन्हा एकदा सगळा बेत घोकला. पोचल्यावर तिने खाली उतरून दहा मिनिटं उभं राहायचं. हसायचं, बोलायचं. मग "या बाबा, तुम्हाला गाडी दाखवते" म्हणून आत जायचं आणि पलंग दाखवता दाखवता आडवं व्हायचं. उतरायला लाकडी पायऱ्या, धरायला कठडा, नवी साडी, सगळं योजलं होतं. वर्षानुवर्षं मी कागदावर पुलांचे खिळे मोजणारा माणूस, माझ्या नजरेतून काही सुटणार नाही अशी माझी खात्री होती.

वाडीत शिरलो तशी माणसं जमली. "मुंबईची माणसं, हौसेला मोल नाही!" शेजारची काकू म्हणाली, आणि मी मनात म्हटलं, जिंकलो. बाबा ओटीवरून उतरून अंगणात आले. फार वाळले होते. मी दार उघडलं, पायऱ्या लावल्या. ती उतरली, सरळ उभी राहिली, पदर नीट केला. बाबा चार पावलांवर येऊन थांबले. दोघं एकमेकांकडे नुसती बघत राहिली.

मी पुढे होऊन बाबांच्या पाया पडलो, आणि वाकलेलो असतानाच माझ्या लक्षात आलं. तीन वर्षांनी माहेरी आलेल्या लेकीला सगळ्यात आधी जे करावं लागतं, तेच आमच्या बेतात नव्हतं.

मी बाजूला झालो. आता तिची पाळी होती. अंगणातली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. तिने हात जोडले. तशीच ताठ उभी राहिली. एक क्षण गेला, दुसरा गेला. बाबांच्या चेहऱ्यावरचं ते हलकं हसू माझ्यादेखत विझलं. त्यांनी मान हलवली, स्वतःशीच, जणू हे त्यांना अपेक्षितच होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "आलीस हेच खूप. चहा घ्या." आणि ते ओटीकडे वळले.

मी बोलायला तोंड उघडलं, तिने मला हाताने थांबवलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आजार झाकायचा तर राग खरा ठरत होता. आम्ही होडी बांधली, रंगवली, तेवढ्या वाटेने ओढत आणली, ती काय याच्यासाठी?

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, मला वाकता येत नाही."

ते थांबले. पाठमोरेच उभे राहिले.

"कधीपासून?"

"आईचं बारावं झालं ना, त्यानंतर लगेच."

ते वळले. तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, मग माझ्याकडे, मग उघड्या दारातून आतल्या पलंगाकडे. दोन वर्षं घरात आजारी माणूस सांभाळलेल्याला त्या पलंगाचा अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती. बाबांनी पायांतल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या, आणि कठडा धरून त्या लाकडी पायऱ्या चढायला लागले. मी धरायला गेलो तर मला दूर केलं. वर पोचून ते दारात आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. दार बुटकं होतं, म्हणून त्यांना कमरेत वाकावं लागलं.

"ये," ते म्हणाले. "आता पोचतील हात."

ती दोन पावलं पुढे गेली. ताठ उभ्या असलेल्या तिच्या हातांच्या उंचीला त्यांची पावलं आली होती. तिने दोन्ही हातांनी ती धरली. त्यांनी तसंच वाकलेल्या अंगाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो किती तरी वेळ काढला नाही.