‘ट्रॅक्टर वहिनीच बघते’

सुमतीवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हापशाच्या बाजारात होतो. तिच्या मुलीचा, शैलाचा फोन. ‘काका, आई गेली…’ एवढंच म्हणाली. माझ्या मनात दुःखाच्या आधी दुसरंच काही आलं. सुटलो, असं वाटलं. महिना झाला, आणि लिहायचं आहे ते हेच.

वहिनी मूळची शिरगावची. वडील खाणीवर फिटर, त्यामुळे यंत्रांचं तिला भय नव्हतं. लग्न होऊन आमच्या इब्रामपूरच्या घरी आली आणि दोनच वर्षांत दादा आखातात गेला. त्याच्या पगारातून ट्रॅक्टर आला. तो पोचवायला बेळगावहून आलेला मेकॅनिक चार दिवस राहिला, तेवढ्यात ती चालवायला शिकली. साडीवर दादाचा जुना शर्ट चढवून ती शेतात उतरली तेव्हा बांधावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दुसऱ्या वर्षी त्याच बायका ‘आमच्याकडे कधी येतलंय?’ म्हणून दारात उभ्या राहू लागल्या.

पुढचे दिवस गोव्यातल्या राजभाषेच्या आंदोलनाचे, कोकणी की मराठी. रस्ते अडवलेले, बसगाड्या बंद. मी पणजीला कारकून, घरी अडकून पडलो होतो. मराठीच्या बाजूने देवळापुढे दोन भाषणंही ठोकली होती, त्यामुळे अंगात जरा वारं होतं. वायंगणाची, म्हणजे हिवाळी भाताची, नांगरणी ऐन भरात असताना ट्रॅक्टरचा एक पाइप गळला. वहिनीने तो बांधून घेतला, पण तेल बरंच कमी झालं होतं, नांगर उचलणारी लिफ्ट मंदावली होती. योग्य तेल म्हापशालाच मिळायचं. ‘दोन दिस थांबूया,’ ती म्हणाली.

मांगरात, अवजारांच्या खोपीत, खाणीवरच्या मशीनच्या तेलाचा एक डबा होता. तिच्या वडिलांनी दिलेला, बिजागऱ्यांना लावायला. मी म्हटलं, ‘यावर हायड्रॉलिक लिहिलंय. मला इंग्रजी वाचता येतं, वहिनी.’

‘नाव येक म्हणून तेल येक न्हय, भावजी,’ ती म्हणाली. ‘आमच्या ट्रॅक्टराचे गियरय लिफ्टीच्याच तेलार चलतत. दुसरां भरसूक नाका.’

दुपारी ती जेवण वाढायला घरात गेली आणि मी तो डबा ओतला. घाई होती, हे खरं. पण त्याहून खरं हे की मला तिला दाखवून द्यायचं होतं.

संध्याकाळपर्यंत लिफ्ट झटके खाऊ लागली, पंप कण्हल्यासारखा आवाज करू लागला. दुसऱ्या दिवशी नांगर जमिनीतून उठेना. वहिनीने तेलाची पातळी बघायची पट्टी बाहेर काढली. तिच्यावर पांढुरका फेस होता. तिने तो बोटावर घेऊन हुंगला, माझ्याकडे पाहिलं… आणि पट्टी पुसून परत आत घातली.

रस्ते मोकळे झाल्यावर बेळगावचा तो मेकॅनिक आला. गाळणी चिकट गाळाने भरलेली, पंप खराब. अंगणात वाड्यावरची माणसं जमली होती. ‘ह्यात दुसरं तेल कुणी ओतलंय?’ त्याने विचारलं. ‘कुठलं तेल कशात चालतं ते कंपनीच्या पुस्तकात बघायचं असतंय. अंदाजानं ओतायचं नसतंय.’

मग मीच म्हणालो, ‘ट्रॅक्टर वहिनीच बघते.’

त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. ‘बायलमनशाच्या हातात मशीन दिली की असांच,’ मागून कुणीतरी म्हणालं. ज्यांची नांगरणी तिच्या भरवशावर राहिली होती, त्यांची शेतं त्या वर्षी पडीक राहिली.

सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ आली. ‘भावजी, वाड्यावरच्या लोकांक येक डाव खरां सांगा. माजो हात चुकूक नाय, इतक्यांच.’ मी म्हटलं, दादालाच सविस्तर लिहितो. लिहिलंही. चार पानं, सगळी आंदोलनावर. दादाचं उत्तर आलं ते ड्रायव्हर ठेवा म्हणून. त्याला कुणी कळवलं, मी विचारलं नाही. वहिनीने चावी भिंतीतल्या देवळीत ठेवली. पुढे गोवा घटकराज्य झालं, मी पणजीत पेढे वाटले. ती त्या सीटवर पुन्हा कधी बसली नाही. माझ्याशी मात्र कधी अबोला धरला नाही. दर चतुर्थीला माझ्या पानात नेवऱ्या, म्हणजे करंज्या, दोन जास्तच असत.

बाराव्याला कुणीतरी मायेनेच ती गोष्ट काढली, वहिनीने ट्रॅक्टर मोडल्याची. मी म्हणालो, ‘तेल मी ओतलं होतं.’ ‘जावं दी, आता कित्याक?’ एक म्हातारा पुटपुटला. शैला चहा देत होती. ‘काका, तिला ऐकू येत होतं तेव्हा…’ म्हणाली आणि किटली घेऊन आत गेली.

मी उठून मांगरात गेलो. तिथे दोन डबे होते, दोन्हींवर रंगाने काढलेली वहिनीची मोठाली अक्षरं. एकावर ‘इंजिनाचां’, दुसऱ्यावर ‘लिफ्टीचां’. खाली बारीक अक्षरांत: ‘येकामेकात घालू नये. संशय आयल्यार सुमतीक विचारचां.’ ट्रॅक्टरचा आताचा ड्रायव्हर तिथेच होता; म्हणाला, रंग उडाला की ती पुन्हा गिरवायची. त्याच्या हातात दुकानातून आणलेला एक नवा डबा होता, वेगळ्याच कंपनीचा. त्याने सवयीने घराकडे तोंड वळवलं, थांबला, आणि मला विचारलं, ‘ह्यां चलात काय हो भाऊ?’

‘मला माहीत नाही,’ मी म्हणालो.