माथुरजींचं वेगळं मशीन

जयपूरच्या आमच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये दोन गोष्टी रोज साचायच्या, धूळ आणि किस्से. धूळ पुसायला माणूस होता. किस्से मी डायरीत टाकत गेलो, तर वर्ष संपायच्या आत डायरीच संपली!

ऑफिस विम्याचं. मोठं मशीन एकच, पण आत व्यवस्था अशी, की चारही विभागांना आपापलं स्वतंत्र मशीन असल्यासारखं वाटावं. हे आम्ही विभागप्रमुखांना समजावून सांगितलं, तिथेच चुकलं.

अकाउंट्सचे माथुरजी पाहुणे घेऊन आले. "हमारावाला कौनसा है?"

मी त्या एकमेव धुडाकडे बोट दाखवलं. दुपारी क्लेम्सवाले आले, त्यांनाही तेच दाखवलं. माथुरजी दारातच उभे होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "देखा? हमारावाला ज्यादा चमकता है!"

*

मशीन वर्षभराच्या बोलीवर मिळालं होतं. माहिती एकदा जरी बुडाली, तर सेंटर दिल्लीला आणि आमच्या बदल्या कुठेतरी. माझी मुलगी दहावीत होती, तिची ही चौथी शाळा. ऑफिसातून घरी आलो की तिचा प्रश्न ठरलेला, "बाबा, मतलब, आज काही बिघडलं नाही ना?"

*

माहिती राहायची डिस्कवर. पुढे तिथे किती जागा लागेल, हे आमचे प्रमुख कानिटकर साहेब विभागांना विचारत फिरले.

माथुरजी म्हणाले, "शादी में मेहमान गिनो, खाना डेढ गुना बनाओ. बस, उतना दे दो."

"और हलवाई ही बीमार पड गया तो?"

"दूसरा बिठाके रखते हैं साहब! बेटी की शादी है!"

साहेबांनी त्याच दिवशी जादा डिस्कची मागणी पाठवली. कारण लिहिलं, 'दुसरा हलवाई'. मंजूर झाली!

*

रोज संध्याकाळी डिस्कवरच्या माहितीची नक्कल टेपवर घ्यायची. मूळ आणि नक्कल एकाच खोलीत नकोत, म्हणून साहेब टेप स्कूटरवरून मालवीय नगरला घरी न्यायचे. घरात धूळ न शिरणारी जागा एकच होती, वहिनींचं साड्यांचं कपाट.

वहिनी एकदा आमच्यासमोरच कडाडल्या, "माझ्या पैठण्या ट्रंकेत, आणि माथुरजींचे हिशेब डांबरगोळ्यांत!"

साहेब शांतपणे म्हणाले, "अगं, पैठणी परत विणता येते."

त्या आठवड्यात साहेब बरेचदा आमच्याकडे जेवले.

*

वर्ष संपत आलं आणि दिल्लीहून आहुजा साहेब पाहणीला आले. त्यांना सगळं नीट दाखवायचं म्हणून सकाळपासून मशीनवर नव्या नोंदी बंद. आहुजांनी त्या जादा, रिकाम्या डिस्कवर थाप मारली. "साल भर में कुछ बिगडा नहीं. फिर ये सोती क्यों है? फिजूलखर्ची! सेंटर दिल्ली ही ले जाना पडेगा."

कानिटकर साहेब उत्तर देणार, तेवढ्यात धुळीची आंधी आली. खिडक्या पिवळ्या झाल्या. वीज गेली, आली, पुन्हा गेली. परत आली तेव्हा चालू डिस्कमधून पत्रा खरवडल्यासारखा आवाज यायला लागला.

डिस्क गेली. मला घरातली सामानाची खोकी दिसायला लागली.

साहेबांनी घरी फोन लावला. "अहो, डोळे उघडत नाहीत इतकी धूळ आहे," एवढं वहिनींचं बोलणं आम्हालाही ऐकू आलं.

तरी त्या ऑटोने आल्या. केसांपासून चपलांपर्यंत धूळ आणि छातीशी हिरव्या पैठणीत गुंडाळलेली टेप.

"अगं, पैठणी कशाला?"

"परत विणता येते ना!"

टेप चढली. झोपलेली डिस्क जागी झाली. संध्याकाळपर्यंत चारही विभाग जसेच्या तसे उभे! आहुजांनी अहवालातली फिजूलखर्चीची ओळ खोडली. वहिनींना नमस्कार करून म्हणाले, "भाभीजी, मशीन यहीं रहेगा."

एवढ्यात माथुरजी धापा टाकत आत आले.

"सुना है, क्लेम्सवालों का मशीन बैठ गया था?"

त्यांनी समाधानाने घाम पुसला.

"अच्छा हुआ साहब, हमारावाला अलग है!"