हिरालालची गोड गोळी

गुढियारी मोहल्ल्यातल्या स्वयंपाकघरांत हिरालालला सगळे गोळीवाले भैया म्हणत. कणीक, ग्लुकोज आणि बोरिक पावडर मळायची, सुपारीएवढ्या गोळ्या वळायच्या आणि गॅसच्या मागे ठेवून द्यायच्या. झुरळं येत, खात, मरत. अठरा वर्षं हीच गोळी. बोरिक मिसळण्याआधी कणीक किती गोड झाली, ते तो स्वतः चाखून बघे. "एवढी चाखली ना जी, कणकेहून मीच जास्त फुगलो," असं पोटावर हात फिरवत सांगे.

वर्षभरापासून मात्र झुरळं गोळी खात नाहीत, अशा तक्रारी येऊ लागल्या. हिरालालकडे प्रत्येक तक्रारीवर एकच इलाज होता, ग्लुकोज वाढवायचं. तरी एकेक स्वयंपाकघर हातचं गेलं. उरली फक्त वनमालाबाईंची मेस.

"हे पाहा भाऊ," वनमालाबाई म्हणाल्या, "तुमच्या गोळीले वळसा घालून जाऊन राहिले. शुक्रवारपर्यंत पाहीन, मंग फवारणीच्या मशीनवाल्याले बोलावते."

"लय गोड केली होती ताई."

"मले काहून सांगता? त्यायले सांगा."

घरी त्याची मुलगी चेतना बारावीचं बायोलॉजी घेऊन बसली होती. बापाचं मराठी तिला सगळं समजे, पण उत्तर हिंदीतच येई.

"झुरळं हुशार झाले," हिरालाल म्हणाला. "माह्यापासून आजवर कोणी काही शिकलं नाही, ते शिकले."

"सीखे नहीं, पापा. दो-चार को जनम से ही ग्लुकोज कड़वा लगता होगा. मीठा खानेवाले आपने मार दिए. ये बचे, इनके बच्चे हुए, अब बच्चों को भी कड़वा लगता है."

"आन् मी ग्लुकोज वाढवून राहिलो."

"हव. जो थोड़ा-बहुत चख लेते थे, वो भी गए."

"म्हणजे मी मारत नव्हतो. चाळणी लावून बसलो होतो."

खात्री करायला दोघं दुसऱ्या दिवशी दुपारी मेसमध्ये गेले. जेवणं आटोपली होती. दोन झाकणं ठेवली, एकात नेहमीची गोळी, दुसऱ्यात ग्लुकोज न घालता शेंगदाण्याच्या तेलात मळलेली. खिडकी लावून अंधार केला आणि टॉर्चवर लाल कागद बांधला, लाल उजेड झुरळांना दिसत नाही म्हणून. पहिलं झुरळ गोड गोळीपाशी आलं, तोंड लावलं आणि झटक्यात मागे सरलं. मग मिशा पुसत बसलं. हिरालालने लगेच त्याची नक्कल केली, ओठ मुरडून, बोटांनी मिशा पुसत. "पाव्हण्याले लाडू दिला, आन् पाव्हणा तोंड धुवून राहिला." चेतनाला हसू आवरेना. झुरळ तेलाच्या गोळीवर जाऊन बसलं आणि मन लावून खाऊ लागलं.

त्याच दिवशी गॅसच्या मागे तेलाच्या गोळ्या ठेवल्या, आणि शुक्रवारी मेसमध्ये मेलेली झुरळं सुपलीभर निघाली. नवीन औषध आणलं एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण हिरालालच्या पोटात गोष्ट राहत नसे.

"ताई, तुमच्या इथले झुरळं मीच तयार केले. निवडून निवडून."

"म्हणजे तुमचेच लेकरं हे?"

"लय पिढ्या झाल्या जी. पणतू म्हणा. आन् हे तेलाची गोळीही कायमची चालणार नाही. ज्याले तेल आवडत नाही, तो जगन, मंग त्याचे पिल्लं."

चेतनाने मागून त्याचा शर्ट ओढला. शेवटचं गिऱ्हाईक होतं ते.

वनमालाबाईंनी सुपलीत पाहिलं, मग त्याच्याकडे. "मशीनवाला असं सांगन काय मले?"

"नाही. तो गॅरंटीचं कार्ड देईन."

"मंग तुमीच या. पन गोळी बदलत राहा. हे कॅलेंडर घ्या, कोन्या महिन्यात काय, ते माह्यासमोर लिवा."

हिरालालने पेन घेतलं. या महिन्याच्या पानावर तेल लिहिलं, दोन पानं उलटली आणि तिथेच अडला.

"लिवा ना."

"त्या टायमाले जे उरतीन, ते अजून पैदा व्हायचे हायत ताई," तो म्हणाला. "त्यायले काय आवडते, ते इचारूनच लिवतो."