बेवारस कामांचा रकाना

ऑफिसात त्यांना सगळे टोटलराव म्हणत. बावीस वर्षं एकच काम: तळमजल्यावरच्या अवाढव्य मेनफ्रेम संगणकावर कुठल्या खात्याची किती कामं चालली, त्यांनी किती मिनिटं खाल्ली, याचा महिन्याचा गोषवारा काढायचा आणि ज्याचं त्याला बिल लावायचं. बेरीज कधी चुकली नाही. घरी किराण्याची यादीसुद्धा खातेवार लिहितात, असं त्यांची बायको चारचौघांत सांगायची.

त्या दिवशी तीनला बैठक होती. निवृत्तिवेतन शाखेनं मशीनचा एकतृतीयांश वेळ खाल्ला, असं टोटलरावांचा गोषवारा सांगत होता. एवढी महागडी शाखा बंदच करायची, असं साहेबांनी जवळजवळ ठरवलं होतं. शाखाप्रमुख ताई सकाळीच टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"टोटलराव, आम्ही पाच माणसं. झोपेतसुद्धा मशीनवर कामं टाकतो का?"

"ताई, आकडा मशीनचा. माझ्या पदरचं काही नाही."

"मग मशीनलाच विचारा. तीनच्या आत."

त्यांनी मूळ नोंदी काढल्या. एका कामाची एक ओळ: नाव, खात्याचा कोड, मिनिटं. शाखेच्या नावावर अकराशे कामं, आणि त्यातल्या नऊशे ओळींत कोडची जागा कोरी.

टोटलरावांना आठवलं. अकरा वर्षांपूर्वी बिनकोडाची कामं महिन्याला तीन-चार यायची. त्यांच्यासाठी वेगळा रकाना कोण काढणार? म्हणून त्यांनीच प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली होती: कोड कोरा असेल तर निवृत्तिवेतनाच्या नावावर टाक. तेव्हाचे शाखाप्रमुख दोस्त होते, दोन-चार मिनिटांसाठी कुरकुरणारे नव्हते. तात्पुरती म्हणून घातलेली ओळ तिथंच ठाण मांडून बसली. या महिन्यात नवे प्रोग्रॅमर आले, दिवसभर चाचण्या चालवत सुटले, आणि कोड टाकायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

दीडला बायकोचा फोन आला. "डबा उघडलात?"

"नाही."

"म्हणजे काहीतरी मोठं चुकलंय."

त्यांनी ती ओळ खोडली, बिनकोडाच्या कामांना 'बेवारस' असा वेगळा रकाना दिला आणि गोषवारा पुन्हा चालायला टाकला. मशीनच्या रांगेत नंबर चौदावा. घड्याळात सव्वादोन. ते धावत मशीनरूममध्ये गेले आणि तिथल्या ऑपरेटरला सगळं सांगितलं.

ऑपरेटर म्हणाला, "घाई कशाला? पुढच्या महिन्यात गुपचूप दुरुस्त करा. कोणाच्या बापाला कळतंय?"

"पुढच्या महिन्यात शाखा असेल का?"

ऑपरेटरनं त्यांचं काम रांगेत वर ओढलं.

तीनला पाच कमी असताना छपाई आली. निवृत्तिवेतन: चार टक्के. कागद फाडून घेत टोटलरावांनी जिना गाठला. बैठकीच्या खोलीत शिरले तेव्हा धाप लागली होती.

साहेबांनी कागद पाहिला. "बेरीज चुकली?"

"बेरीज बरोबर आहे, साहेब. बिल भलत्याच्या दारात गेलं. चूक माझी."

"किती दिवस?"

"अकरा वर्षं."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शाखेचा विषय राहू द्या. टोटलराव, तुम्ही मात्र उभेच राहा. आता तुमच्याबद्दल बोलायचंय."

ताईंनी शेजारची खुर्ची मागं ओढली. "बसूनही बोलता येईल, साहेब. माणूस जिना चढून आलाय."