रुळावर सरळ, दारात अडलेले

तुमच्या घरातला एखादा माणूस मोरीच्या दारात थबकला, त्याचा पाय उचलेना, आणि थोड्या वेळाने तोच रस्त्यावर भराभर चालताना दिसला, तर तुम्ही त्याला आजारी म्हणाल की सोंगाड्या? खरं सांगा. मी सोंगाड्याच म्हटलं होतं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा खालापूरच्या स्टँडवर चळवळीची पत्रकं वाटायचे, उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहायचे. मी वाचलेले पहिले दोन शब्द 'जाहीर निषेध'. त्यामुळे माथेरानच्या एका हॉटेलच्या मॅनेजरने माझ्या काकांना, बाबांच्या थोरल्या भावाला, "पिऊन कामावर येता" असं सगळ्यांदेखत सुनावलं, तेव्हा माझं पत्रक तासाभरात तयार होतं. काका रोज पंचशील म्हणणारे, दारूला कधी शिवले नाहीत. पाहुण्यांच्या बॅगा वाहण्यात त्यांची हयात गेली. आता हॉटेलच्या दारात ते अडायचे, डुलायचे. ते वाटण्याआधीच मॅनेजरने महिन्याची मुदत दिली: आजार असेल तर डॉक्टरचा कागद आणा, नाहीतर घरी बसा.

काका डॉक्टरकडे गेले आणि तिथे सरळ चालले. अशक्तपणा आहे, गोळ्या घ्या, एवढंच निघालं. काकी तर उखडलीच. "मोरीच्या दारात खांब होतो, नि डाक्टरकडं गेला की नवरदेव! सोंग हाय नुसतं."

तेव्हा मी एका संशोधन प्रकल्पात नवी नवी लागले होते. मेंदू माणसाला चालवतो कसा आणि कंपवातासारख्या आजारात ते कुठे बिघडतं, याचं गणित संगणकावर मांडायचं, असं ते काम. माझ्याकडे काम साधं होतं: लोकांच्या घोट्यांना नि कमरेला सेन्सर बांधायचे, त्यांना चालायला लावायचं, आणि पडद्यावर उमटणाऱ्या पावलांच्या लाटा जपून ठेवायच्या. कर्जतला एका शाळेच्या हॉलमध्ये आमचं शिबिर लागलं आणि मी काकांना तिथे नेलं.

पावलाची लांबी डोळ्यांनाही कळावी म्हणून मी हुशारी करून फरशीवर दीड-दीड फुटावर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या. काका चालले. आणि काय चालले! पडद्यावर एकसारखी, देखणी लाट. संगणक म्हणाला, चाल निरोगी.

मी फाडकन विचारलं, "काका, काकी म्हणते ते खरं काय हो? सोंग करता?"

काका बाकावर बसले आणि हसायला लागले. "अगं बाय, तूच पट्ट्या लावल्यास, नि तूच इचारतेस? रूळ करून ठेवलायस की गं!"

"म्हणजे?"

"मोटारी थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंत मी झुकझुक गाडीच्या रुळातूनच बॅगा नेतो. रुळाखालची एकेक फळी दिसली की पाय आपसूक पडतो. हाटेलची गुळगुळीत फरशी आली की पाय म्हनतो, आता नाय. कवाचा सांगतोय. तुमी ऐकता कुठं?"

आमच्या प्रमुख बाई लॅपटॉप सोडून उठल्या. "पट्ट्या काढ," मला म्हणाल्या. मी गुडघ्यांवर बसून सगळ्या खरवडल्या. मग काका पुन्हा निघाले आणि हॉलच्या दाराशी थांबले. पाय फरशीला खिळलेले, टाचा थरथरत होत्या. पडद्यावरची मोठी लाट विरली, तिच्या जागी बारीक, दाट कंप. मी हात धरून ओढायला धावले.

"ओढू नकोस, पडतील!" बाई ओरडल्या. "तुझं पाऊल त्यांच्यापुढे आडवं ठेव."

मी ठेवलं. काकांनी खाली पाहिलं, माझं पाऊल ओलांडलं आणि थेट व्हरांड्यात. तिथून आवाज आला, "चप्पल धू गं जरा!"

बाईंनी सांगितलं ते असं: चालण्याचा ठेका मेंदू आतल्या आत धरतो, या आजारात तो सुटतो. डोळ्यांना समोर रेघ दिसली की मेंदू दुसऱ्या वाटेने पाय उचलवतो. आमच्या मॉडेलमध्ये ही दुसरी वाट होती, मला तोंडपाठ होती. घरातला माणूस त्याच वाटेने कामावर जात होता, ते मात्र दिसलं नाही. निषेध माझाही व्हायला हवा होता.

त्या नोंदी घेऊन आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. कंपवातच निघाला. औषध सुरू झालं, मुदतीच्या आत कागद माथेरानला पोचला. मॅनेजरने सगळ्यांदेखत शब्द मागे घेतला आणि काकांना सामानाच्या खोलीवर बसून करायचं काम दिलं. काकीने मोरीच्या दारात ऑइलपेंटने तीन पिवळ्या रेघा मारल्या. पहिल्याच दिवशी काका त्यांच्यावर पाय देऊन गेले, ओल्या रंगातून, तेव्हा तिने जे ऐकवलं ते इथे छापता येणार नाही.

डॉक्टरच्या खोलीत असे पाय पुष्कळदा शहाण्यासारखे वागतात. म्हणून एक करा. तुमच्या घरात कुणी असं अडत असेल, तर त्याला विचारून, तो अडलेला असतानाच मोबाईलवर एक मिनिट टिपा आणि मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. पाय कुठे चालतात, कुठे रुसतात, हे तिथे त्या अडणाऱ्या माणसालाच सांगू द्या. त्याचं सांगून संपेपर्यंत तुम्ही गप्प बसा.