उंबऱ्यात कटणारा फोन

जरा जवळ सरक बाई. तितक्या दूर बसलीस तर मला ओरडून सांगावं लागेल, अन् ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. अन् काहून गं, इतक्या दिवसांत एकदाही पाय वळला नाही इकडे? "फोन लागत नव्हता" असं तर म्हणूच नको. आमच्याकडे आता लागतो. मधल्या खोलीतसुद्धा लागतो. त्याचंच सांगते.

आमचं अमरावतीचं घर लांबट. पुढे बैठक, मधे जाड भिंतींची अंधारी खोली, मागे सैपाकघर, त्याच्यामागे बोळ. मला एका जागी बसून फोनवर बोलता येत नाही. फोन कानाला लागला की पाय आपोआप चालायला लागतात. बैठकीतून सैपाकघरात, गॅस कमी केला की परत बैठकीत. माझी बहीण अकोल्याला असते. वयानं धाकटी, आवाजानं थोरली. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं आहे, ते मी तिच्याच जिवावर करते.

मागच्या उन्हाळ्यात बोळातल्या विजेच्या खांबावर कोणीतरी एक पांढरा डबा बसवून गेलं. शेजारीण म्हणाली, कॅमेरा आहे, आता कचरा जपून टाका. काही दिवस बोळ इतका स्वच्छ राहिला की पाहुण्यांना मुद्दाम मागच्या दारानं आणावं. मग कळलं, तो छोटा टावर आहे, गल्लीत रेंज वाढावी म्हणून लावलेला. कचरा पुन्हा सुरू झाला, अन् माझा फोन कटायला लागला. रोज एकाच जागी. मधली खोली ओलांडून सैपाकघराच्या उंबऱ्यात पाय ठेवला की आवाज गप्प.

आम्हा बहिणींचा एक कायदा आहे. ज्यानं फोन कट केला, त्यानंच परत लावायचा. मी म्हणे तिनं कट केला, ती म्हणे मी. दोघी आपापल्या गावात फोनकडे डोळे वटारून बसायचो. संध्याकाळपर्यंत एकीचा तरी राग उतरायचा अन् गाडी रुळावर यायची.

पण तिच्या नातवाच्या बारशाआधी जे झालं, ते काही उतरेना.

बारशाला आमच्यात पाळण्याच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहतात. एकीनं बाळ पाळण्याखालून द्यायचं, दुसरीनं घ्यायचं, मग वरून परत. आमच्या घराण्यातली सगळी बाळं घेणारी मीच. ती जागा माझी. त्या दिवशी पोळी तव्यावर टाकून मी बोलत बोलत बैठकीत आले होते. करपल्याचा वास आला तशी परत निघाले. बहीण सांगत होती,

"ताई, सुनेची माय म्हनते, पाळण्यापाशी तुह्या ताईऐवजी मी उभी रायतो. अन् म्या म्हटलं..."

उंबरा आला. फोन कट.

पुढचं मी मनातच पुरं केलं. म्हटलं असेल "बरं". दुसरं काय म्हणणार? विहिणीपुढे कोणाची जीभ चालते? पोळी कोळसा झाली. मी फोन लावला नाही. तिचाही आला नाही. बारसं जवळ येत चाललं, अन् मी नवं लुगडं कपाटात ठेवून वरून कुलूप घातलं.

आमच्या वरच्या खोलीत एक मुलगी भाड्यानं राहते. अचलपूरची. घरी उर्दू बोलते, माझ्याशी माझ्यासारखी. मोबाईलच्या कामात इंजिनीअर आहे. गाडीत फोनच फोन घेऊन गावभर फिरते अन् कुठे आवाज तुटतो ते शोधते. तिनं माझं तोंड पाहिलं.

"काकू, काय झालं? फोन कटते? कुठं कटते ते चालून दाखवा बरं."

तिनं दोन फोन माझ्या हातात दिले, एक कानाला लावून ठेवला, अन् मला बैठक ते सैपाकघर फिरवलं. शेजारीण खिडकीतून बघत होती. तिला वाटलं, मला डॉक्टरांनी नवीन व्यायाम दिला.

मग मुलीनं सांगितलं, "बैठकीत तुमचा फोन मोठ्या टावरच्या कडेवर असते. सैपाकघरात डबा जवळ. डब्यानं नीट धरलं की मंग टावरनं सोडाले पायजे. इथं टावर सोडाचं नावच घेत नाही, अन् भिंतीआड गेलं की त्याचा हात एकदम सुटते."

"म्हंजे बाळ पडलं," मी म्हटलं.

"पडलंच ना, काकू!"

तिनं ऑफिसात सांगून काहीतरी बदलून घेतलं. तर नवीनच तमाशा. आता बैठकीत नुसती मधल्या खोलीच्या दारापाशी गेले तरी फोन डब्याकडे, दोन पावलं मागे आले की टावरकडे. आवाज तुकड्या-तुकड्यानं यायला लागला. "आता घाई झाली," ती म्हणाली. "डबा टावरपेक्षा जरा जोरात ऐकू आला, अन् थोडा वेळ तसाच टिकला, तरच द्याचं, असं करा लागते." मी म्हटलं, कर बाई, पण लेकराला दम तर घेऊ दे.

एका सकाळी ती हसत खाली आली. "काकू, आता कोनाले तरी लावा. लंबं बोलनारं मानूस पायजे."

असं माणूस मला एकच माहीत होतं. "तिले मी लावत नाही," मी म्हटलं. तर पोरीनं माझ्या हातून फोन घेऊन तिला लावून दिला.

"आली का याद?" बहिणीचा आवाज.

"म्या नाही लावला. टावरची तपासनी चालू हाय. मले चालून दाखवाचं हाय."

"कट करून करून थकली, आता चालून दाखवतं?"

"कोनं कट केला वं? मी तं ऐकून राहिली होती!"

बैठक संपली. मधली खोली संपली. उंबऱ्यापाशी माझे पायच थांबले. आता कटला तर पुन्हा कोण कोणाला लावणार होतं? मागून इंजिनीअरबाई हात हलवतात, "काकू, थांबू नका, चाला!"

मी पाय टाकला. "तू त्या दिवशी काय म्हटलं, ते पुरं सांग आधी."

"म्या म्हटलं, माही ताई हाय तोवर पाळण्याच्या त्या बाजूले दुसरं कोनी उभं रायनार नाही! तुह्यासाठी इहिनीसंगं भांडली मी, अन् तू खटकन फोन कट करतं?"

मी गॅसपाशी पोचले होते. सगळं वाक्य, शेवटी एक शिवी होती, ती तुला सांगत नाही, तिच्यासकट सैपाकघरात आलं होतं. मागून मुलगी ओरडली, "गेला! गेला, काकू!"

"कोन गेलं वं?" अकोल्यात बहीण घाबरली.

"फोन गेला. डब्याकडे. तू बोल."

बारशाला गेले. पाळण्यापलीकडे विहीणबाई देणाऱ्या अन् मी घेणारी, असा समेट झाला होता. बाळ खालून आलं तसं माझ्या तोंडून निघालं, "मी धरलं म्हनल्याशिवाय सोडू नका बरं." तेवढंच त्यांना लागलं. टावर अन् डबा समजावून सांगायला गेले तर जास्तच लागलं.

आता तू उठू नको लगेच, कढी-गोळे केले आहेत. अन् पुढच्या वेळी इतके दिवस लावू नको. निघायच्या आधी फोन कर. बोलता बोलता मी मधेच गप्प झाले तर कट केला असं समजू नको. उंबऱ्यात थांबायची सवय अजून गेली नाही. तू आपली लवकर ये.