घाडीबुवांचा जबाब

"धुरीबुवा, दोघांची सही लागेल. नाहीतर हा ट्रॅक ड्रॉप करू," निमेश म्हणाला.

निमेश म्हणजे आमच्या गिरगावातल्या कॅसेट कंपनीच्या मालकांचा नातू. कॅसेट गेल्या, कंपनी राहिली. माझा जुना अल्बम त्याला नव्याने काढायचा होता, मोबाइलवर ऐकता येईल असा. शिवाय मी माझी आवडती दहा भजनं निवडायची आणि प्रत्येकाआधी ते का आवडतं हे दोन मिनिटं सांगायचं. नऊ भजनं मी चहा संपायच्या आत सांगितली. दहावी होती आमची डबलबारी. सगळ्यात जास्त खपलेली तीच. पण त्या बारीत माझ्यासमोर घाडीबुवा होते, आणि तीस वर्षांहून अधिक काळ आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

डबलबारी म्हणजे दोन भजनीबुवांचा सामना. प्रत्येकाची पेटी, प्रत्येकाचा पखवाज, मागे झांजा घेऊन कोरस. अभंग, गौळण झाली की शेवटी गजर. गजर म्हणजे जलद लयीतलं गाणं, आणि त्यात समोरच्या बुवाला चिमटा काढायचा. समोरच्याने त्याच चालीत, तिथल्या तिथे, जबाब द्यायचा. जबाब जमला नाही तर हरलात. जमला तर टाळ्या त्याच्या. मनात कोणी काही ठेवायचं नाही, असा रिवाज आहे.

आम्ही दोघे लालबागच्या एकाच गिरणीत होतो. मी साच्यावर, म्हणजे मागावर, घाडीबुवा सुताला खळ लावायच्या सायझिंग खात्यात. संपाचं दुसरं वर्ष चालू होतं. कामच नसल्यामुळे बारी रविवारी दुपारी चाळीच्या पटांगणात ठेवली होती आणि कंपनीचा रेकॉर्डिस्ट मशीन घेऊन आला होता. घाडीबुवा मागच्या गेटाने गिरणीत जाताना दिसतात, अशी कुजबुज त्या दिवसांत होती. संपात गिरणीत शिरणाऱ्याकडे लोक कसे बघायचे, ते वेगळं सांगायला नको. मी गजरात तेच घेतलं:

"पुढल्या गेटार आमी उभे, मागल्या गेटान जाता कोण?
मुखात देव नि पोटात शेठ, बुवा, तुमचे मालक दोन."

पटांगण उसळलं. घाडीबुवांनी शांतपणे पेटी पुढे ओढली:

"मागल्या गेटान गेलंय खरा, मारुतीक तेल घालूक,
मारुती काय संपार नाय, बुवा, तुमी जावा सांगूक."

आमच्या गिरणीच्या आवारात मारुतीचं देऊळ होतं. संपात तिथे दिवा लावायला कोणी नव्हतं. वॉचमनला विनवून घाडीबुवा रोज तेवढ्यासाठी आत जात होते. माझ्यापेक्षा दुप्पट टाळ्या त्यांना पडल्या. मी हरलो. अगदी स्वच्छ हरलो.

चार दिवसांनी रेकॉर्डिस्टने मला गिरगावला बोलावलं. कॅसेटच्या एका बाजूला तीस मिनिटं मावतात. दुसरी बाजू भरत आली होती.

"बुवा, कुठे कापू?"

मी म्हटलं, "माझ्या गजरावर काप. टाळ्यांवर शेवट बरा वाटतो."

एवढंच बोललो. जबाब कॅसेटमध्ये गेलाच नाही.

चाळीतल्यांना खरं काय ते ठाऊक होतं. पण कॅसेट कणकवली, मालवणपर्यंत पोचली आणि तिकडे घाडीबुवांचं नाव पडलं 'मागल्या गेटाचे बुवा'. कार्यक्रमांच्या सुपाऱ्या बंद झाल्या. दोनेक वर्षांनी त्यांनी पेटी कायमची झाकून ठेवली आणि परळच्या एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय म्हणून लागले. माझी मात्र गिरणी गेली तरी त्या कॅसेटवर पुढची सगळी वर्षं निघाली. मला लाज वाटत होती. म्हणून मी त्यांच्या गल्लीतून जायचंच टाळत होतो. टाळणं सोपं असतं.

आता सहीसाठी जावं लागलं. परळच्या नव्या टॉवरशेजारी त्यांची चाळ अजून उभी होती. वहिनींनी दार उघडलं आणि पाणी आणून ठेवलं. घाडीबुवांनी कागद चष्म्याजवळ धरून पूर्ण वाचला.

"सही करतंय," ते म्हणाले. "पण माझो जबाब घातलास तर. नायतर नाय."

"बुवा, तो भाग शिल्लक आसा की नाय, माका म्हायत नाय." मग मी सांगूनच टाकलं. "आणि तो कापूक मीच सांगितलंय."

"माका म्हायत आसा. रेकॉर्डिस्टान तेव्हाच सांगितल्यान."

"मग इतकी वर्सां बोललास नाय ता?"

"बारीतलो जबाब बारीत देवचो. तो मी दिलंय. तो तू दडवलंस, तर आता तूच हुडकून काढ."

मी उठलो. वहिनी म्हणाल्या, "चाय घेऊन जावा." चहा घेतला आणि निघालो.

निमेशच्या गोडाऊनमध्ये दोन स्पूल सापडले. स्पूल म्हणजे ताटलीएवढ्या चाकावर गुंडाळलेली रुंद टेप. मूळ रेकॉर्डिंग त्यावर असायचं, कॅसेट ही त्याची कॉपी. पहिल्या स्पूलवर माझं नाव होतं. दुसऱ्यावर, म्हणजे बारीच्या शेवटाच्या स्पूलवर, नुसतं 'उरलेलं'. मला धास्ती वाटली, कारण उरलेली टेप त्या काळी कोणी फेकत नसे. तिच्यावर दुसरं काहीतरी भरत.

दादरच्या स्टुडिओत रेश्मा नावाची इंजिनीअर होती. तिने टेपचं टोक बोटाने चाचपलं.

"काका, चिकटलीय. मंद उष्णतेत सुकवावी लागेल. मग एकदा नीट वाजेल. दुसऱ्यांदा वाजेलच असं नाही."

"आणि वरून काही भरलं असेल तर?"

"तर गेलं. खालचं परत येत नाही."

दोन दिवसांनी तिने आधी कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग चालू केलं, मग स्पूल लावला. पहिलाच आवाज आला तो एका बाईचा. मसाल्याची जाहिरात. तीच ओळ पुन्हा पुन्हा, कधी हसत, कधी खोकत. रेश्माने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. बाई मसाला संपवेना. घाडीबुवांकडे परत कोणत्या तोंडाने जायचं, एवढाच विचार डोक्यात होता.

मग खट्ट आवाज झाला आणि झांजा सुरू झाल्या. माझाच आवाज, गजराच्या मधोमध. मसाल्याने माझं पहिलं कडवं खाल्लं होतं, पण ते कॅसेटच्या कॉपीत होतं. टाळ्या झाल्या. कॅसेट इथेच संपत असे. टेप पुढे चालली आणि घाडीबुवांची पेटी वाजली. अख्खा जबाब. एक अक्षर गेलं नव्हतं.

मी खुर्चीत मागे टेकलो आणि डोळे पुसले. रेश्मासमोर लाज वाटली नाही. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तिने हेडफोन दाबून धरला. "काका, टाळ्यांत अजून कोणीतरी आहे. माइकच्या जवळ." तिने आवाज वाढवला. तो मीच होतो. हसता हसता ओरडत होतो, "जिंकलंस रे घाड्या, जिंकलंस." हे मी साफ विसरलो होतो. किंवा विसरायला सोयीचं होतं.

घाडीबुवांना मोबाइलवर ऐकवलं. स्वतःचा जबाब त्यांनी मान हलवत ऐकला. माझं ओरडणं आलं तेव्हा मोबाइल हातात घेतला आणि तेवढंच दोनदा लावायला सांगितलं. मग पेन मागितलं.

अल्बममध्ये दहाव्या नंबरला बारी आहे, जबाबासकट. तिच्याआधीच्या दोन मिनिटांत टेप कोणी कापायला लावली होती, ते मी नावानिशी सांगितलंय. निमेशला ते जरा जास्त वाटलं, पण त्याने ठेवलं. आता कणकवलीहून फोन येतात की धुरीबुवा, तुम्ही तर हरला होतात. मी हो म्हणतो आणि घाडीबुवांचा नंबर देतो. गेल्या महिन्यात त्यांना दोन सुपाऱ्या आल्या. एक त्यांनी घेतली. पखवाजाला त्यांना माणूस मिळत नव्हता, म्हणून मी बसलो.

या धंद्यात मी एकच गोष्ट पक्की शिकलो. टेप कुठे कापायची, हे हरलेल्या बुवाला विचारू नये.